नादारी आणि दिवाळे

एखाद्या पेढीचा धनादेश परत गेला की ‘दिवाळे निघाले’ ही कुजबुज सायंकाळपर्यंत पेठभर होते. इंग्रजीत येथे दोन शब्द आहेत. ‘इन्सॉल्व्हन्सी’ ही स्थिती होय. देणी भागविण्याची ऐपत सरली, एवढाच तिचा अर्थ, आणि तीतून सावरता येते. ‘बँक्रप्सी’ हा आदेशाने बसणारा शिक्का. इटलीतील सराफांच्या ‘मोडक्या बाका’वरून तो शब्द आला.

2016 च्या नादारी व दिवाळखोरी संहितेने हे दोन्ही शब्द शेजारी ठेवले, पण एक केले नाहीत. तिच्यानुसार कंपनी दिवाळखोर ठरतच नाही. तिची नादारी-प्रक्रिया चालते, आराखडा न जमल्यास परिसमापन होते. दिवाळखोरीची तरतूद व्यक्ती व भागीदारी पेढी यांच्यासाठी आहे.

उधारीवर माल देणाऱ्यास हा भेद नडतो. ग्राहक कंपनीचे ‘दिवाळे वाजले’ असे ऐकून तो येणे बुडीत खाती टाकतो. वस्तुतः प्रक्रिया सुरू होताच एका इंग्रजी व एका प्रादेशिक वृत्तपत्रात जाहीर सूचना येते आणि मुदतीत बिलांसह दावा मागविला जातो. हाती किती पडेल, हे निराळे. तारणधारक बँका पुढे असतात. परंतु ज्याने दावाच केला नाही, त्याचे नाव त्या यादीत येत नाही.