‘थोडीशी’ म्हणजे किती?

डोहाळजेवण आटोपतं, फुलांचे दागिने उतरतात, आणि हल्ली काही घरांत रात्री गच्चीवर मित्रमंडळींची दुसरी बैठक बसते. तिथे कुणीतरी हमखास म्हणतं, “अगं, वाइन आहे. द्राक्षाचा रस! थोडीशी घे, काही होत नाही.” म्हणणाऱ्याच्या मनात काही वाईट नसतं. घोळ आहे तो ‘थोडीशी’ या शब्दात.

जरा हिशेब मांडू. व्हिस्कीच्या 30 मिलीच्या एका पेगमध्ये साधारण 10 ग्रॅम अल्कोहोल असतं. बारा टक्क्यांची वाइन 150 मिली ओतली, तर 14 ग्रॅम. म्हणजे द्राक्षाचा हा ‘रस’ जवळपास दीड पेग झाला. आणि “बिअर म्हणजे काय दारू थोडीच?” असं म्हणत उघडलेल्या आठ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरच्या 650 मिली बाटलीत 41 ग्रॅम. चार पेग! पोटातल्या बाळाला लेबल वाचता येत नाही, त्याच्यापर्यंत अल्कोहोल तेवढं पोचतं.

ते पोचतं कसं, याबद्दलही एक गोड समजूत आहे: बाळाला वार सांभाळते, नको ते गाळून टाकते. वार बरंच काही अडवते, पण अल्कोहोलचा रेणू इतका लहान की तो सरळ पलीकडे जातो. तास-दोन तासांत बाळाच्या रक्तातलं प्रमाण आईच्या जवळपास येतं. आईचं यकृत तयार असतं, बाळाचं अजून घडतंय. शिवाय काही अल्कोहोल गर्भजलात उतरतं आणि बाळ तेच पाणी पुन्हा गिळतं. आईची उतरली, तरी बाळाची सुटका लगेच होत नाही.

“आमच्या वेळी डॉक्टरच द्यायचे.” हे मात्र खोटं नाही. 1960च्या दशकात अकाली कळा थांबवण्यासाठी परदेशी रुग्णालयांत गर्भवतीला चक्क शिरेतून अल्कोहोल देत असत. त्याच सुमारास, 1968मध्ये, फ्रान्समधल्या नांत शहरातले डॉक्टर पॉल लमवान यांनी दारू पिणाऱ्या पालकांच्या 127 मुलांमधली सारखी लक्षणं नोंदवली; फारसं कुणी लक्ष दिलं नाही. 1973मध्ये सिअॅटलच्या केनेथ जोन्स आणि डेव्हिड स्मिथ यांनी या विकाराला नाव दिलं: फीटल अल्कोहोल सिंड्रोम. आजीच्या डॉक्टरांना हे ठाऊक नव्हतं, आपल्याला आहे.

वरचा ओठ पातळ, नाकाखालची पन्हळ सपाट, डोळ्यांच्या फटी लहान, अशी काही मुलांची चेहरेपट्टी या विकारात दिसते. पण बाधा झालेल्या बहुतेक मुलांचे चेहरे तुमच्या-आमच्यासारखेच असतात. म्हणून “बाळ तर गुटगुटीत आहे” याने काहीच ठरत नाही, आणि सोनोग्राफी नॉर्मल आली म्हणून मेंदूची खात्री पटत नाही. दिसतं ते पुढे, शाळेत. काल पाठ झालेला पाढा आज आठवत नाही, लक्ष टिकत नाही, राग आवरत नाही. मग ‘हट्टी’, ‘ढ’ असे शिक्के बसतात. हे नुकसान औषधाने भरून निघत नाही. लवकर ओळखलं, तर शिकवण्याची पद्धत बदलून मुलाला हात देता येतो.

“पहिले तीन महिनेच जपायचं” हेही अर्धवट. मेंदू नऊही महिने घडत असतो. उलट बाजूने, दिवस गेल्याचं कळण्याआधी एखाद्या पार्टीत घेतली गेली, म्हणून घाबरून गर्भपाताचा विचार करू नये. डॉक्टरांना सांगावं, आणि तिथून पुढे पूर्ण बंद. ज्या दिवशी थांबाल, तिथून बाळाचा फायदाच. रोज पिण्याची सवय असेल, तर मात्र एकटीने झटक्यात सोडू नये. थरथर, आकडी येऊ शकते. डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडावी. पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात स्त्रियांसाठी ‘निशिगंध’ हा वेगळा विभाग आहे.

आसव-अरिष्टांचंही विचारून घ्यावं. ती आंबवूनच बनतात आणि त्यांत पाच ते दहा टक्क्यांच्या आसपास अल्कोहोल असतं. मात्रा लहान असते खरी, पण गरोदरपणी वैद्यांना न विचारता दुकानातून बाटली आणू नये.

“आपल्याकडे बायका कुठे पितात?” राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (2019–21) महाराष्ट्रातल्या 0.4 टक्के स्त्रियांनी दारू पीत असल्याचं सांगितलं, गोव्यात 5.5 टक्क्यांनी. सांगितलं, हा शब्द महत्त्वाचा. दारात आलेल्या पाहुणीने प्रश्न विचारायचा आणि आतून सासूचे कान टवकारलेले, अशा वेळी कोण ‘हो’ म्हणेल? डॉक्टरही हा प्रश्न विचारताना चाचरतात. खरं तर तो तंबाखूइतक्याच सहजपणे, सगळ्यांना विचारायला हवा.

आता त्या गच्चीवरची बाटली फिरवून पाहा. अमेरिकेत 1989पासून बाटलीवर गर्भवतींसाठी स्पष्ट इशारा छापावा लागतो. आपल्याकडच्या इशाऱ्यात दोन गोष्टी असतात: दारू आरोग्याला घातक आहे, आणि पिऊन गाडी चालवू नका. पोटातल्या बाळाचं नावही नाही.