जंगलाची ओळख करून देणारी माणसं

टीव्हीवरच्या मालिकांमधले वाडे, देवळं, पोलीस ठाणी गोरेगावच्या फिल्मसिटीत उभी केलेली असतात, हे आता आपल्याला चांगलंच माहीत झालंय. पण त्याच रस्त्यानं आणखी थोडं आत गेलं की एक वेगळं जग लागतं. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी या संस्थेचं निसर्ग शिक्षण केंद्र तिथे आहे. संस्था 1883 सालची. तिला 100 वर्षं झाली तेव्हा राज्य सरकारनं संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाला लागून असलेली ही 33 एकर जागा तिला दिली. येणारे-जाणारे त्याला नुसतं 'सीईसी' म्हणतात.

मी मुलुंडला राहते, म्हणजे त्याच जंगलाच्या दुसऱ्या अंगाला. या केंद्रात गेलं की झाडं-पाखरं तर दिसतातच, पण मला जास्त कौतुक वाटतं ते तिथे राबणाऱ्या माणसांचं. कुणी शिक्षण अधिकारी, कुणी रोपं जगवणारे माळी, कुणी सुटीच्या दिवशी येणारे स्वयंसेवक. त्यांच्या कामाला एक सोपं नाव द्यायचं तर 'ओळख करून देणं'. लग्नाकार्यात एखादी मावशी नसते का, 'अगं, ही आपल्या अमक्याची सून' म्हणून सगळ्यांना जोडून देणारी? तसंच. फक्त इथे एका बाजूला माणूस असतो आणि दुसऱ्या बाजूला सुरवंट, साप नाहीतर बिबट्या.

साधं उदाहरण घ्या. आपल्या परसातल्या कढीपत्त्यावर किंवा लिंबावर कधीकधी पक्ष्याची शीट पडल्यासारखं काहीतरी दिसतं. नीट पाहिलं तर ते हलतं! आपण 'शी' म्हणून ते झटकतो, नाहीतर औषध मारतो. ते असतं फुलपाखराचं पिल्लू. पाखरांनी खाऊ नये म्हणून त्यानं घेतलेलं सोंग. मोठं झालं की ते हिरवंगार होतं, मग कोष करतं आणि एक दिवस फुलपाखरू होऊन उडून जातं. 2015 मध्ये आपल्या राज्याचं फुलपाखरू म्हणून मान मिळाला त्या नीलवंताची पिल्लंही लिंबाच्या कुळातल्या झाडांवरच वाढतात. शाळेतल्या मुलांना ताई-दादा पानाजवळ वाकून हे दाखवतात, तेव्हा 'शी' म्हणणारी मुलं हळूच 'हात लावू?' असं विचारतात. त्या दोन शब्दांमधलं जे अंतर, तेवढं पार करून देणं हाच या माणसांचा पगारी धंदा म्हणा ना!

या कामाची परंपरा मोठी आहे. थोर पक्षितज्ज्ञ डॉ. सालिम अली लहानपणी छऱ्याच्या बंदुकीनं चिमण्या मारायचे. एकदा मारलेल्या चिमणीच्या गळ्यावर पिवळा ठिपका दिसला. ही कुठली चिमणी, म्हणून मामांनी त्यांना याच सोसायटीकडे पाठवलं. तिथले सचिव मिलार्डसाहेब 'जा रे पोरा' म्हणाले नाहीत. त्यांनी कपाटं उघडून जपून ठेवलेले पक्षी त्या मुलाला दाखवले. पुढचा इतिहास आपल्याला ठाऊक आहे. गंमत म्हणजे 1926 मध्ये सालिम अलींना जी नोकरी मिळाली, तीही मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये लोकांना प्राणी-पक्ष्यांची माहिती सांगण्याचीच. पुढे नोकरी नव्हती त्या दिवसांत पत्नी तेहमिना यांच्यासोबत ते अलिबागजवळ किहीमला राहिले आणि घराजवळच्या सुगरणींची घरटी न्याहाळत बसले. तिथे त्यांनी टिपून ठेवलं की घरटं विणतो नर, आणि मादी येऊन ते पसंत करते किंवा नाकारते. आपण मात्र त्या पाखराला म्हणतो सुगरण! घराघरांतल्या 'अहों'ना हे जरूर वाचून दाखवा.

पण मैत्रिणींनो, ही ओळख करून देणं नुसतं गमतीचं काम नाही. कधीकधी त्यावर जीव अवलंबून असतो.

संजय गांधी उद्यान साधारण 104 चौरस किलोमीटरचं. एकीकडे बोरिवली, गोरेगाव, दुसरीकडे मुलुंड, ठाणे, आणि मधे बिबटे. 2018 मध्ये लावलेल्या कॅमेऱ्यांत या परिसरात 47 बिबटे मोजले गेले. 2002 ते 2004 या काळात इथे बिबट्यांनी इतके हल्ले केले, की जंगलाला लागून असलेल्या वस्त्यांमध्ये संध्याकाळनंतर दारं बंद व्हायची. बळी जायची ती बहुतेक गरिबांची लेकरं. लोकांची एकच मागणी: पकडा आणि लांब नेऊन सोडा.

जुन्नर भागात विद्या अत्रेय या संशोधिकेनं नेमकं हेच तपासलं. त्यांच्या 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं, की पकडलेले बिबटे जिथे नेऊन सोडले, त्या भागात माणसांवरचे हल्ले उलट वाढले. अनोळखी मुलखात टाकलेलं जनावर बिथरणार नाही तर काय होईल? त्याच वर्षी वनखात्यानं सुनील लिमये यांच्या पुढाकारानं, अभ्यासक आणि मुंबईकरांना सोबत घेऊन मोहीम सुरू केली. पिंजऱ्याआधी माणसांशी बोलायचं. बिबट्या येतो कुत्र्यासाठी, कुत्रं येतं कचऱ्यासाठी, म्हणून कचरा उचला. अंधार पडल्यावर लहान मुलाला एकटं बाहेर पाठवू नका. आडोशाला एकट्यानं जाऊ नका, दिवा आणि सोबत घ्या. बिबट्या दिसला तर गर्दी करून त्याला कोंडू नका, वाट द्या.

आता आडोशाला जायचं म्हणजे काय, हे बाईला वेगळं सांगावं लागत नाही. जिथे घरात संडास नाही, तिथे बिबट्याचा प्रश्न हा आधी बायकांचा आणि मुलांचा प्रश्न असतो. नुसतं 'घाबरू नका' सांगून भागत नाही. दिवे, संडास, कचऱ्याची गाडीही यावी लागते.

पुढच्या काही वर्षांत हल्ले खूप कमी झाले, पण संपले नाहीत. 2021 मध्ये आरे वसाहतीत पुन्हा माणसांवर हल्ले झाले. 2022 च्या दिवाळीत तिथेच सोळा महिन्यांची मुलगी गेली. त्या आईला कुठल्या तोंडानं सांगायचं, की बिबट्याही जगला पाहिजे? मला या माणसांचं मोल वाटतं ते इथे. पोस्टर लावून त्यांचं काम संपत नाही. दरवर्षी नवी कुटुंबं राहायला येतात, नवी मुलं शाळेत येतात, आणि तीच गोष्ट पुन्हा पहिल्यापासून, तितक्याच मायेनं सांगावी लागते. आरेतले वारली वाघोबाला देव मानत आले. जंगलाशेजारी राहायचं तर त्याचा मान ठेवून आणि स्वतःला सांभाळून, हे त्यांना कुणी शिकवावं लागलं नाही. आपल्यासारख्यांना ते शिकावं लागतं.

या कामात मुलीही पुष्कळ दिसतात. पायात बूट, गळ्यात दुर्बीण. 'जंगलात कसली नोकरी? लग्न कसं जमणार?' हे त्यांच्यातल्या कितीजणींनी ऐकलं असेल, याची कल्पना आपण सगळ्याच करू शकतो. तुमची लेक किडा-मुंगी बघत तासन् तास बसत असेल, तर तिला हाक मारून उठवण्याआधी एकदा विचार करा. त्यातूनही करिअर होतं.

आणि यासाठी मुंबईलाच यायला पाहिजे असं थोडंच आहे? नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे, विषारी म्हणून हे चार साप घरात सगळ्यांना ओळखता आले, तर उंदीर खाणारी बिचारी धामण काठीखाली मरणार नाही. साप चावलाच तर दोरी बांधणं, जखम कापणं, मांत्रिक हे काही नको. हात-पाय न हलवता सरळ सरकारी दवाखाना गाठायचा. एवढं शेजारणीला सांगितलंत, तर तुमच्या आळीतलं निसर्ग शिक्षण केंद्र सुरू झालं म्हणून समजा.

आमच्या या जंगलात कारवी नावाचं झुडूप आहे. आठ वर्षांत एकदाच फुलतं, मग डोंगरउतार जांभळे होतात. 2016 मध्ये फुललं, 2024 मध्ये फुललं. आता 2032. आज तिसरीत असलेली मुलगी तेव्हा मोठी झालेली असेल. तिला त्या फुलांपाशी घेऊन जाणारं कुणीतरी तेव्हाही असायला हवं.