मळवलीची पायवाट

सुट्टीचा दिवस आला म्हणजे मोठ्या कुटुंबांत एक पेंच हटकून उभा राहतो. घरांत माणसें अकरा आणि मोटारींत जागा पांचांची. मग तरुण मंडळी घाटाकडे निघतात, मुलांपैकीं एकदोघांची वर्णी लागते, आणि वडील माणसें ‘आमचे गुडघे आतां कुठें चालतात’ असें म्हणून घरीं राहतात. हें वाक्य पुष्कळदां खरें नसतें. इतरांची अडचण ओळखून तें उच्चारलेलें असतें. आमच्या घरींही अनेक वर्षें असेंच चाललें होतें. पुढें ध्यानांत आलें कीं, दोष गुडघ्यांचा नव्हता, सहल आंखण्याच्या आमच्या रीतीचा होता. आगगाडीनें जाऊन पायीं हिंडावें, आणि ज्यानें त्यानें आपल्या ताकदीप्रमाणें हिंडावें, अशी एक जागा पुण्याजवळ आहे. ती म्हणजे मळवली.

पुण्याहून लोकलनें निघालें म्हणजे लोणावळ्याच्या अलीकडचें हें स्टेशन. पुण्यापासून खंडाळ्यापर्यंतचा लोहमार्ग १८५८ सालीं सुरू झाला आणि १८६३ सालीं बोरघाटांतला चढ पुरा होऊन मुंबई व पुणें हीं शहरें सलग जोडलीं गेलीं. लांब पल्ल्याच्या गाड्या मळवलीस सहसा थांबत नाहींत. तेव्हां मुंबईकडील मंडळींनीं लोणावळ्यास उतरून पुण्याकडे जाणारी लोकल धरावी. पहिलेंच स्टेशन मळवली. दुपारीं कांहीं तास लोकल विरळ असतात, म्हणून परतीची वेळ आदल्या दिवशींच पाहून कागदावर टिपून ठेवावी. हा कागद घरांतल्या सर्वांत काळजीखोर माणसाच्या हातीं द्यावा, असा आमचा अनुभव सांगतो.

चालीचे तीन टप्पे आहेत. पहिला, स्टेशनापासून भाजे गांवापर्यंतचा, दोनतीन किलोमीटरांचा. वाट बहुतेक सपाट आहे. वाटेंत मुंबई-पुणें द्रुतगति मार्गावरचा पूल लागतो. खालून सुसाट जाणाऱ्या मोटारी पाहण्यांत मुलांचीं पांच मिनिटें सहज जातात. पूल ओलांडला कीं भातखाचरें, आणि समोर दोन गड. डावीकडचा रुंद माथ्याचा तो विसापूर आणि त्याच्या उजवीकडचा तो लोहगड. ज्यांना चढ नको त्यांनीं भाज्यांतच थांबावें. गांवांत पिठलें-भाकरी करून देणारीं घरें आहेत.

दुसरा टप्पा लेण्यांचा. गांवापासून वर पायऱ्या आहेत. दर वीसपंचवीस पायऱ्यांवर टेकत गेलें, तर वडील माणसांनाही त्या जड जात नाहींत. भाज्याचीं लेणीं इसवीसनापूर्वी दुसऱ्या शतकापासून कोरलीं गेलीं. महाराष्ट्रांतल्या अतिप्राचीन लेण्यांत त्यांची गणना होते. मधलें चैत्यगृह पाहतांना दोन गोष्टी मुलांस अवश्य दाखवाव्या. एक, खांब सरळ उभे नसून किंचित् आंत कललेले आहेत. लांकडी घराचे वासे जसे कलते ठेवीत, तसेच ते दगडांत उतरविले आहेत. दुसरी, छताच्या कमानींना लांकडी फांसळ्या आहेत, आणि त्यांतलें कांहीं लांकूड दोन हजार वर्षांपूर्वीचें आहे. दगडाला आधाराची गरज नव्हती. पण कारागिरांच्या हाताला लांकडी घराची संवय होती, ती दगडांतही सुटली नाहीं. थोडें पुढें दिवंगत भिक्षूंच्या स्मरणार्थ कोरलेले चौदा स्तूप एकत्र आहेत, आणि अगदीं टोंकाच्या विहारांत रथारूढ सूर्य व ऐरावतावर बसलेला इंद्र म्हणून ओळखलीं जाणारीं शिल्पें आहेत. त्याच भिंतीवर एक स्त्री तबल्यासारखें जोडवाद्य वाजवीत आहे आणि दुसरी नाचत आहे. गाणें शिकणाऱ्या मुलींना तेथून हलविणें कठीण जातें.

तिसरा टप्पा लोहगडाचा, व तो चांगल्या पायांचा. भाज्याहून चढत लोहगडवाडीस जाण्यास सुमारें दोन तास लागतात. विसापूर व लोहगड यांमधली खिंड गांठली कीं गडाच्या पायऱ्या जवळच सुरू होतात. गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा असे चार दरवाजे एकामागून एक लागतात. वाट मुद्दाम अशी वळविली आहे कीं चढणारा सतत वरच्या तटाच्या माऱ्यांत राहावा. हा गड १६६५ सालच्या पुरंदरच्या तहांत मोगलांकडे गेला व १६७० सालीं महाराजांनीं तो परत घेतला. पुढें नाना फडणविसांनीं येथें बांधकाम करविलें. पश्चिमेकडे निघालेली डोंगराची लांब सोंड ती विंचूकाटा. शेजारचा विसापूर लोहगडाहून उंच आहे. १८१८ सालीं इंग्रजांनीं तो घेतला तेव्हां लोहगड लढविण्यांत अर्थ उरला नाहीं. हें पुस्तकांत वाचून समजतें, पण विंचूकाट्याकडे पाठ करून विसापूर पाहिला कीं डोळ्यांना पटतें. २०२५ सालीं युनेस्कोनें मराठ्यांच्या ज्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा मान दिला, त्यांत लोहगड आहे.

स्टेशनाच्या दुसऱ्या अंगास, इंद्रायणीपलीकडे, कार्ल्याचें भव्य चैत्यगृह व एकवीरेचें देऊळ आहे. तेंही पायीं करण्याजोगें. पण त्याच दिवशीं नव्हे. हा शहाणपणा आम्हांस किंमत देऊन आला. पहिल्या वर्षीं सकाळीं कार्लें, दुपारीं भाजें आणि उतरत्या उन्हांत लोहगड असा बेत आम्हीं केला. वर गेलेल्या तिघांना उतरतांनाच अंधार पडला. त्यांचे मोबाईल लागेनात. खालीं स्टेशनाच्या बांकावर आमच्या आत्याबाई हातांत रिकामा डबा घेऊन बसून होत्या. ठरलेली लोकल आली आणि गेली, तरी त्या एक शब्द बोलल्या नाहींत. तिघें पुढच्या गाडीच्या वेळेपर्यंत सुखरूप आलीं. त्यांच्यावर कोणी रागावलें नाहीं, आणि तेंच त्यांना अधिक लागलें. त्या दिवसापासून आमच्या घरांत नियम आहे: एका दिवशीं एकच दिशा, आणि घड्याळांत एक वाजला कीं गडावर असाल तेथून मागें फिरावयाचें, माथा राहिला तरी राहो.

दुसरा नियम पावसाचा. आषाढ-श्रावणांत हा मुलूख मन वेडावून टाकतो, पण त्याच दिवसांत तो घातकी असतो. १९८९ सालच्या जुलईंत याच भाजे गांवावर डोंगराची दरड कोसळून पुष्कळ माणसें गेलीं. २०२४ सालच्या जूनअखेर लोणावळ्याच्या भुशी धरणामागच्या ओढ्यांत सहलीस आलेल्या एकाच कुटुंबांतलीं पांच माणसें वाहून गेलीं. पाणी घोट्याएवढें असतां वरच्या डोंगरावर पडलेला पाऊस क्षणांत खालीं येतो. म्हणून प्रवाहांत उभें राहून छायाचित्र काढण्याचा मोह धरूं नये, आणि लहानांसह जावयाचें तर दिवाळीपासून माघापर्यंतचे दिवस निवडावे. त्या दिवसांत हवा कोरडी, वाट टणक आणि खाचरांतून भाताची कापणी होऊन गेलेली असते.

बरोबर न्यावयाचें फार नाहीं. माणशीं दीड लिटर पाणी, गूळपोळी किंवा दशम्या, मीठ लावलेलीं लिंबें, वडील माणसांना काठी, आणि कचरा परत आणावयास एक कापडी पिशवी.

गेल्या मार्गशीर्षांत आम्ही पुनः गेलों. घरांतलीं अकराही माणसें होतीं. आमच्या वडील बंधूंनीं भाज्यांतल्या पारावर बैठक मारली, आत्याबाई आणि धाकटीं मुलें लेण्यांत राहिलीं, व बाकीचीं गडावर गेलीं. सांगितल्याप्रमाणें तीं वेळेवर उतरलीं आणि वर काय पाहिलें तें सांगूं लागलीं. आत्याबाईंनीं त्यांना मध्येंच थांबविलें. चौदा स्तूपांपैकीं किती आंत आहेत व किती बाहेर, हें मोजल्याशिवाय गड पाहिल्याची फुशारकी मारूं नका, असें त्यांनीं बजाविलें. कोणासच सांगतां आलें नाहीं. मग गाडीला तासभर अवकाश आहे असें पाहून त्या काठी टेकीत पुढें झाल्या, आणि गडावरून आलेलीं दमलेलीं मंडळी त्यांच्यामागून पुनः पायऱ्या चढूं लागलीं.