बाघ नदीकाठी भाड्याच्या गाड्या : गैरसमज आणि वस्तुस्थिती

मध्य प्रदेशातल्या राजेगावचा पूल ओलांडला की महाराष्ट्रातला गोंदिया जिल्हा लागतो. मुंबई-हावडा मार्गावरचं गोंदिया जंक्शन आणि बिरसीचा विमानतळ दोन्ही हाताशी आहेत. कान्हाला निघालेले कितीतरी पर्यटक गोंदियाला उतरून बालाघाट, बैहर करत मुक्की गेटकडे जातात. तेव्हा रस्त्याकाठची थोडी जागा घेऊन चार गाड्या भाड्याने देण्याचा विचार इथल्या कुणाच्या मनात आला, तर तो वेडगळ म्हणता येणार नाही. गाडं अडतं ते कागदांपाशी. गाडी कुठे उभी राहते हे एक कायदा बघतो आणि ती कशी धावते हे दुसरा. या दोहोंची सरमिसळ झाली की टपरीवरचे सल्ले सुरू होतात.

"गावात कसलं आलंय झोनिंग? ती शहराची भानगड." हे अर्धंच खरं आहे. मध्य प्रदेशात 1973च्या नगर तथा ग्राम निवेश अधिनियमाखाली निवेश क्षेत्र जाहीर होतं, आणि त्यात शहरालगतची गावंही येऊ शकतात. तिथे कुठली जमीन निवासी, कुठली वाणिज्यिक, कुठली शेतीची, हे विकास योजना ठरवते. आपला खसरा नंबर अशा क्षेत्रात येतो का, हे नगर तथा ग्राम निवेश कार्यालयात विचारावं. येत नसेल तरी मोकळं रान मिळालं असं नाही. शेतजमिनीवर धंदा करायचा तर 1959च्या भू-राजस्व संहितेप्रमाणे डायव्हर्शन, म्हणजे जमिनीच्या वापरात बदल, लागतंच.

डायव्हर्शन म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे एसडीएम कार्यालयाच्या चकरा येतात. पूर्वी तसंच होतं. 2018च्या दुरुस्तीने संहितेतलं कलम 172 गेलं. आता कलम 59प्रमाणे भूमिस्वामी स्वतःच प्रीमियम आणि वाढीव सारा काढतो, रक्कम भरतो आणि उपविभागीय अधिकाऱ्याला कळवतो. काम सोपं झालं, पण इथेच नवा गैरसमज रुजला, की पावती हातात आली म्हणजे परवानगी मिळाली. हिशेब नंतर तपासला जातो आणि कमी भरलेली रक्कम वसूल होते. शिवाय विकास योजनेत जी जमीन शेतीसाठी राखलेली आहे, ती पैसे भरल्याने बाजारपेठ होत नाही.

सरपंचांची एनओसीही अशीच भाबडेपणाने मिरवली जाते. शेड किंवा कार्यालय बांधायला पंचायतीची परवानगी हवीच, पण त्या कागदाने ना जमिनीचा वापर बदलतो, ना गाडीला परमिट मिळतं. फाटक राष्ट्रीय महामार्गावर उघडणार असेल, तर 2002च्या कायद्याप्रमाणे महामार्ग प्रशासनाची वेगळी परवानगी काढावी लागते. पलीकडचे सोयरे सातबारा आणि एनएच्या गोष्टी सांगतील. त्या महाराष्ट्राच्या 1966च्या संहितेतल्या आहेत. नदीच्या अलीकडे खसरा आणि बी-1 चालतात, तेव्हा सोयऱ्यांचा चहा घ्यावा, सल्ला घेऊ नये.

आता गाडीकडे वळू. "घरची गाडी आहे, लग्नसराईत दोन-चार भाडी मारली तर कोण बघतंय?" सगळ्यात महाग पडणारा समज हाच. पांढऱ्या पाटीची गाडी भाड्याने लावणं म्हणजे मोटार वाहन कायद्याच्या कलम 66चा भंग. कलम 192-अ प्रमाणे पहिल्याच खेपेला 10,000 रुपये दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. कलम 53खाली नोंदणीही निलंबित होऊ शकते. दंड एकवेळ भरता येईल, पण खासगी गाडीच्या पॉलिसीत भाड्याचा वापर वगळलेला असतो. वऱ्हाड घेऊन जाताना अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करते आणि नुकसानभरपाईचा बोजा मालकाच्या डोक्यावर येऊ शकतो.

टॅक्सी म्हणून नोंदलेली, पिवळ्या पाटीची एमपी 50 गाडी घेतली म्हणजे सुटलो, असंही नाही. राज्याचं परमिट राज्यापुरतं. राजेगावची सवारी गोंदिया स्टेशनला सोडायची म्हणजे पूल ओलांडताच राज्य बदलतं. त्यासाठी अखिल भारतीय पर्यटक परमिट किंवा त्या फेरीपुरतं वेगळं परमिट हवं. अखिल भारतीय परमिटाचे सध्याचे नियम 2023चे असून अर्ज ऑनलाइन होतो. इथल्या धंद्याचा जीवच गोंदियात आहे, तेव्हा यात काटकसर करण्यात अर्थ नाही.

"गाडी द्यायची, किल्ली द्यायची, ड्रायव्हरची कटकट नको," असं ठरवणाऱ्यांनी केंद्राची 1989ची रेंट-अ-कॅब योजना वाचावी. तिच्या परवान्यासाठी अखिल भारतीय परमिटाच्या किमान 50 गाड्या लागतात. त्यांतल्या निम्म्या वातानुकूलित हव्यात. चोवीस तास चालणारा फोन आणि गाड्यांच्या देखभालीची सोयही हवी. अशा गाड्यांची पाटी काळी आणि अक्षरं पिवळी असतात. चार गाड्यांच्या मालकासाठी ही वाट नाही. त्याने ड्रायव्हरसह टॅक्सीचाच धंदा धरावा. दुचाकी भाड्याने द्यायच्या असतील, तर 1997च्या योजनेत किमान पाच पुरतात, आणि लहान गावाला ते जास्त झेपण्यासारखं आहे.

दोन भीती मात्र बिनबुडाच्या आहेत. टॅक्सी चालवायला लायसन्सवर वेगळी नोंद हवी, ही पहिली. 7,500 किलोपर्यंतच्या हलक्या वाहनासाठी ती लागत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने 6 नोव्हेंबर 2024 रोजी दिला. दुसरी भीती अशी, की सवारी दुसऱ्या राज्यात गेली की पहिल्या रुपयापासून जीएसटी नोंदणी. सेवा देणाऱ्यांना वर्षाला 20 लाखांच्या उलाढालीपर्यंत त्यातून ऑक्टोबर 2017पासून सूट आहे.

जागेचा भाडेकरार करण्याआधी पटवाऱ्याकडे त्या खसऱ्याची नोंद पाहून घ्या. गाडी बुक करतानाच डीलरला टॅक्सी पासिंग हवं म्हणून सांगा. खासगी नोंदलेली गाडी मागाहून बदलायची झाली, तर आरटीओ, कर आणि विमा, तिन्हीकडे पुन्हा पैसे मोजावे लागतात.