पहिल्या सामन्याची रायफल आणि आपले वर्कशॉप

१ ऑगस्ट २०२४ रोजी स्वप्नील कुसाळे यांनी पॅरिस ऑलिंपिकमध्ये नेमबाजीचे कांस्यपदक मिळवले. १९५२ साली खाशाबा जाधव यांनी मिळवलेल्या पदकानंतर महाराष्ट्राच्या वाट्याला वैयक्तिक पदक येण्यास ७२ वर्षे लागली. कुसाळे यांनी ज्या बालेवाडीच्या क्रीडासंकुलात सराव केला, ते वाकड-हिंजवडीला लागूनच आहे. भोसरी, तळवडे, चाकण येथील आपल्या कारागीर बांधवांनी या खेळाकडे धंद्याच्या नजरेने अजून फारसे पाहिलेले नाही, असे आम्हाला वाटते.

नवा नेमबाज बहुधा १० मीटर एअर रायफलने सुरुवात करतो. छर्रा ४.५ मि.मी.चा, आणि निशाण्यावरचा दहाचा ठिपका अवघा अर्धा मि.मी. रायफल दुकानातून आणली आणि सामन्याला उभे राहिले, असे येथे चालत नाही. आधी ती खेळाडूच्या अंगाला बसवावी लागते. दस्ता खांद्याच्या मापाने लांब-आखूड करायचा, गालाची पट्टी वर-खाली करून डोळा आपोआप साइटच्या मागे येईल अशी ठेवायची, पुढे-मागे वजने लावून तोल साधायचा. नियमाप्रमाणे सर्व मिळून वजन साडेपाच किलोच्या वर जाता कामा नये. मग छर्ऱ्यांची पारख. ४.४९, ४.५०, ४.५१ अशा मापांचे डबे मिळतात. रायफल शिकंज्यात पक्की धरून प्रत्येक डब्यातले छर्रे मारून पाहतात आणि ज्याचा घोळका सर्वांत लहान, तो डबा सामन्यासाठी ठेवतात. ०.०१ मि.मी.चा फरक काय असतो, हे टूलरूममध्ये काम केलेल्या माणसाला आम्ही काय सांगावे!

यातले काम आपले कुठले? रायफलचा स्टँड, तोलाची वजने, चाचणीचा शिकंजा, छर्ऱ्यांचा ट्रे, फोम कापून बसवलेली पेटी. एकेक नगाचे काम असल्याने मोठा कारखाना त्याला हात लावत नाही. छोट्या वर्कशॉपला ते परवडते. फेब्रुवारी २०२५ मध्ये कुदळवाडीत महापालिकेच्या कारवाईत हजारो बांधकामे पडली. तेथून उठलेल्या माणसांना थोड्या जागेत होणारे काम हवे आहे, म्हणूनही हा विषय आम्ही घेतला.

शिलाई आणि चामड्याच्या कारागिरांना तर यात अधिक वाव आहे. नेमबाजाचे जाकीट कॅनव्हास व चामड्याचे असते आणि मापावरच शिवावे लागते. कापडाची जाडी २.५ मि.मी.पेक्षा अधिक चालत नाही आणि सामन्यापूर्वी ती उपकरणाने तपासतात. जाडी जास्त भरली तर खेळाडूला ते जाकीट घालता येत नाही, आणि शिवणाऱ्याचे नाव एका दिवसात खराब होते.

आता कायद्याचे. ४.५ मि.मी.पर्यंतच्या आणि २० ज्यूलपेक्षा अधिक ताकद नसलेल्या एअरगनला २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार बाळगण्याचा परवाना लागत नाही. पण बाळगण्याची सूट म्हणजे बनवण्याची सूट नव्हे. १९५९ च्या शस्त्र कायद्याचे कलम ५ निर्मिती, विक्री आणि दुरुस्तीसाठी परवाना मागते, आणि सुटे भागही ‘शस्त्रा’च्या व्याख्येत येतात. नळी, ट्रिगर, झडप यांना हात लावू नये. रायफलला जोडायचा कोणताही भाग करण्याआधी पोलीस आयुक्तालयात लेखी विचारून पोच घ्यावी. हल्ली ६ मि.मी.चे प्लॅस्टिकचे गोळे मारणाऱ्या, हुबेहूब खऱ्यासारख्या दिसणाऱ्या ‘एअरसॉफ्ट’ स्नायपर रायफलींचाही शौक वाढतो आहे. त्यांची स्प्रिंग बदला, नळी नवी टाका, अशी मागणी घेऊन कोणी आले तर सरळ नाही म्हणावे. नकली बंदुकीचे खऱ्या बंदुकीत रूपांतर करणे कलम ६ खाली परवान्याशिवाय गुन्हा आहे. शे-दोनशे रुपयांच्या जॉबसाठी कोर्टाच्या तारखा कोणी ओढवून घ्याव्यात?

एक धोका वर्कशॉपमधलाच आहे. रायफलच्या सिलिंडरमध्ये २०० ते ३०० बार दाबाची कोरडी हवा भरतात. वेल्डिंगचा ऑक्सिजन त्यात कधीही भरू नये. आत तेलाचा अंश असला तर स्फोट होतो. सिलिंडरवर ड्रिल किंवा वेल्डिंग करायचे नाही आणि मुदत संपलेला सिलिंडर भरायचा नाही.

माप घेण्यासाठी शक्यतो कारागिराने स्वतः रेंजवर जावे. खेळाडूला जाकीट, बूट घालून उभे करावे आणि मगच टेप लावावी. नळीत सुरक्षेची रंगीत दोरी आहे, हे आधी डोळ्यांनी पाहावे. मालकाशिवाय रायफल एक रात्रही दुकानात ठेवून घेऊ नये. बिलावर कामाचे स्वरूप नेमके लिहावे, ‘रायफल काम’ असे मोघम नव्हे.