काटा थांबला, दाब थांबला नाही!

घाटात ॲक्सिलरेटर दाबला की टर्बो इंजिनची छोटी गाडीही जोरात झेपावते. एक लिटरच्या टर्बो पेट्रोल गाड्या आता रस्त्यावर सर्रास दिसतात. काही हौशी मालकांचे मात्र तेवढ्याने समाधान होत नाही. ते ‘रिमॅपिंग’ करून, म्हणजे इंजिनच्या संगणकातली आज्ञावली बदलून, टर्बोचा दाब वाढवून घेतात. काही दिवस मजा येते. मग चढावर इंजिनातून टकटक ऐकू येऊ लागते आणि अखेर गॅरेजमध्ये पिस्टन फुटल्याचे निदान होते. असे का होते, हे समजून घेण्यासारखे आहे.

टर्बोचे तत्त्व जुने आहे. स्विस अभियंता आल्फ्रेड ब्युखी यांनी १९०५ मध्ये त्याचे पेटंट घेतले. इंजिनातून बाहेर पडणारा गरम धूर एक चाक फिरवतो. त्याच दांड्यावरचे दुसरे चाक बाहेरची हवा दाबून इंजिनात भरते. हवा जास्त मिळाली की पेट्रोलही जास्त जाळता येते आणि ताकद वाढते. समुद्रसपाटीला हवेचा दाब साधारण १ बार असतो. टर्बोने त्यात आणखी १ बारची भर घातली, तर इंजिनात शिरणाऱ्या हवेचा एकूण दाब २ बार होतो. हा दाब मोजण्यासाठी हवेच्या वाटेवर एक सेन्सर बसवलेला असतो. मेकॅनिक त्याला ‘मॅप सेन्सर’ म्हणतात.

या आकड्यावर एक नाजूक निर्णय अवलंबून असतो. तो म्हणजे स्पार्क प्लगची ठिणगी नेमकी कधी पाडायची. हवा-पेट्रोलचे मिश्रण एका क्षणात जळत नाही, ज्वाला पसरायला वेळ लागतो. म्हणून पिस्टन वरच्या टोकाला पोचण्याच्या थोडे आधीच ठिणगी पाडली जाते. मिनिटाला ३००० फेऱ्यांच्या वेगात इंजिनची एक फेरी २० मिलिसेकंदांत होते. ठिणगीची वेळ १० अंशांनी चुकली, तर फरक अर्ध्या मिलिसेकंदाहून किंचितच जास्त असतो. पण तेवढाही पुरतो. दाबलेले मिश्रण दाट आणि गरम असते, ते लवकर जळते. त्यामुळे दाब वाढला की ठिणगी थोडी उशिरा पाडावी लागते. किती दाबाला आणि किती वेगाला ठिणगी कधी, याचा तक्ताच संगणकात भरलेला असतो.

आता समजा, सेन्सर २ बारपर्यंतच मोजणारा आहे आणि टर्बोचा दाब वाढवल्यामुळे प्रत्यक्षात २.४ बार झाला आहे. सेन्सर ‘मला कळत नाही’ असे सांगत नाही, तो २ बारच सांगत राहतो. संगणक त्यावर विश्वास ठेवून २ बारला योग्य अशा वेळी ठिणगी पाडतो. ती गरजेपेक्षा लवकर पडते. अनेक इंजिनांत पेट्रोलचे मापही याच आकड्यावरून ठरते, तेही कमी पडते. मग ज्वाला पोचण्याआधीच कोपऱ्यातले मिश्रण आपोआप भडकते. हेच ‘नॉकिंग’. त्या धक्क्यांनी आणि उष्णतेने पिस्टनच्या कडा तुटतात, कधी त्याला भोकही पडते.

नॉकिंग ऐकणारा वेगळा सेन्सर असतो आणि त्याच्या इशाऱ्यावर संगणक ठिणगी उशिरा पाडू लागतो. पण हा इशारा धक्का बसल्यानंतरचा असतो. नुसता ३ बारचा सेन्सर बसवूनही भागत नाही. नव्या सेन्सरच्या संदेशाचा अर्थ संगणकाला शिकवला नाही, तर तो खऱ्यापेक्षा कमी दाब धरून चालतो.

आपल्या शरीरातही असेच दाब मोजणारे सेन्सर आहेत. मानेतल्या मोठ्या धमनीच्या फाट्यावर आणि हृदयातून निघणाऱ्या महाधमनीत रक्तदाब जाणणारी मज्जातंतूंची टोके असतात. त्यांच्या संदेशावरून मेंदू हृदयाचे ठोके आणि रक्तवाहिन्यांचा ताण कमीजास्त करतो. या टोकांचीही मर्यादा आहे. साधारण ६० ते १८० मिलिमीटर दाबापर्यंत त्यांचा संदेश वाढत जातो, पुढे तो जवळपास तेवढाच राहतो. शिवाय दाब एक-दोन दिवस चढाच राहिला, तर ती त्यालाच नेहमीचा दाब मानू लागतात. उच्च रक्तदाबाच्या अनेक रुग्णांना वर्षानुवर्षे काहीच त्रास जाणवत नाही. तोवर मेंदू, हृदय आणि मूत्रपिंडांचे नुकसान मात्र होत राहते.

म्हणूनच रक्तदाब बाहेरून, यंत्राने मोजावा लागतो. मोजण्यापूर्वी पाच मिनिटे शांत बसावे. दंड हृदयाच्या पातळीवर ठेवावा. जाड दंडाला लहान पट्टा बांधला तर आकडा खोटा वाढतो, म्हणून पट्टा दंडाच्या मापाचा हवा. वेगवेगळ्या दिवशी दाब १४०/९० किंवा त्याहून जास्त भरला, तर डॉक्टरांना दाखवावे. १८०/१२० च्या वर दाब असेल आणि छातीत दुखणे, दम लागणे किंवा हातापायातली शक्ती जाणे अशी लक्षणे असतील, तर लगेच रुग्णालय गाठावे. ‘मला काही होत नाही’ म्हणून औषध बंद करू नये. तिशीनंतर वर्षातून एकदा तरी रक्तदाब तपासून घ्यावा. सरकारी आरोग्य केंद्रात तो मोफत मोजला जातो.