ज्वारीच्या मुळावरचा थेंब

ओल्या टिपकागदाच्या सुरळीत ज्वारीचे दाणे रुजत ठेवले, की काही दिवसांत कोवळ्या मुळांवर पांढरी लव उठते. भिंग धरून पाहा. लवेतल्या केसांच्या टोकांना मधाच्या रंगाचे तेलकट थेंब लागलेले दिसतात. पाणी जास्त झालं तर लव नीट धरत नाही, आणि मग थेंबही नाहीत.

हा थेंब म्हणजे बहुतांशी सॉरगोलिओन नावाचं रसायन. चहाचा तुरटपणा, हळदीचा पिवळा रंग ज्या फिनॉलच्या गोतावळ्यातले, त्यातलंच हेही. आणि तो बनवणारा केस म्हणजे अवघी एक पेशी!

शेजारच्या तणाच्या कोवळ्या रोपात सॉरगोलिओन शिरलं, की प्रकाशसंश्लेषणाच्या यंत्रणेतली एक ठरावीक जागा अडवून बसतं. ॲट्राझिन हे तणनाशकही तीच जागा अडवतं. आपण कारखाना उभारून जे साधलं, ते ज्वारी मातीत मुकाट्याने करत आली आहे.

तिचा दुसरा उद्योग मला याहून भारी वाटतो. युरिया टाकला की त्याचं अमोनियम होतं, मग मातीतले काही जिवाणू त्याचं नायट्रेट करतात, आणि नायट्रेट पावसाच्या पाण्याबरोबर खाली निचरून जातं. सॉरगोलिओन या जिवाणूंनाच आवर घालतं. नत्र मुळांपाशी जास्त काळ टिकतो. सगळ्या वाणांना हे सारखं जमत नाही. काही वाण भरपूर पाझरतात, काही अगदी हात राखून.

पण मुळातून पाझरणारं सगळंच पिकाच्या पथ्यावर पडतं असं नाही. ज्वारीच्या मुळांवर जगणाऱ्या टारफुला या परजीवी तणाचं धुळीएवढं बी वर्षानुवर्षं मातीत निजून असतं आणि यजमानाच्या मुळाची चाहूल लागल्याशिवाय उगवत नाही. सॉरगोलिओनचं हवेत न टिकणारं एक रूप या बियांना जागं करतं, असं 1986 साली दिसलं. पुढे या फितुरीचं मुख्य खापर स्ट्रिगोलॅक्टोन या वेगळ्याच रसायनांवर फुटलं. ज्वारीच्या मुळांतून तीही पाझरतात.

आपल्याकडे ज्वारीत तुरीच्या ओळी असतात. तुरीची तऱ्हा निराळी. तांबड्या जमिनीत पुष्कळसा स्फुरद लोहाला घट्ट चिकटलेला असतो, मातीत असूनही पिकाला न मिळणारा. तुरीची मुळं पिसिडिक आम्ल सोडतात. हेही फिनॉलच्याच कुळातलं. ते लोहाला धरून ठेवतं आणि स्फुरद मोकळा होतो. हैदराबादजवळच्या पाटणचेरूच्या इक्रिसॅट या शेती संशोधन संस्थेतलं हे संशोधन 1990 साली प्रसिद्ध झालं. काळ्या जमिनीत मात्र स्फुरद मुख्यतः कॅल्शियमशी बांधलेला असतो. तिथं तुरीची ही युक्ती फारशी चालत नाही.